तांब्याचे वजन आणि शब्दाचे वजन

जुनी नाणी जमविणाऱ्यांची दृष्टी प्रथम जाते ती सोन्याकडे आणि चांदीकडे. तांब्याच्या वाट्याला बहुधा उपेक्षाच येते. परंतु सोन्याचे नाणे राजाच्या खजिन्याची आणि सावकाराच्या तिजोरीची हकिकत सांगते. बाजारहाट करणाऱ्या, मजुरीचे पैसे मोजून घेणाऱ्या माणसाची हकिकत ऐकावयाची असेल, तर तांब्याकडेच वळले पाहिजे. युरोपातील तांब्याच्या नाण्यांत स्वीडन देशाच्या नाण्यांना संग्राहक विशेष मान देतात. नाण्याला किंमत येते ती धातूने की विश्वासाने, या प्रश्नाची जी परीक्षा त्या देशाने शंभर वर्षे दिली, तिच्या खुणा त्या तांब्यावर उमटल्या आहेत. श्रोतेहो, आज आपणांस त्या खुणाच वाचावयाच्या आहेत.

स्वीडनच्या डालार्ना प्रांतात फालुन येथे तांब्याची एक प्राचीन खाण होती. सतराव्या शतकात ती ऐन भरात असताना युरोपातील तांब्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग या एका खाणीतून निघत असे. चांदी मात्र त्या देशात बेताचीच. राजा गुस्ताव आडोल्फ सदैव लढायांत गुंतलेला आणि लढाईला पैसा हवा. तेव्हा १६२४ साली त्याने तांब्याचे चलन सुरू केले. हेतू दुहेरी होता. चांदीची उणीव भरून निघावी हा एक. आणि पुष्कळसे तांबे देशातच चलनात मुरल्यामुळे परदेशी बाजारात त्याचा भाव टिकून राहावा, हा दुसरा.

या चलनामागचा नियम मोठा सचोटीचा होता. नाण्यावर जेवढी किंमत, तेवढ्या किमतीचे तांबे त्यात असलेच पाहिजे! पण तांबे स्वस्त, म्हणून सचोटी जड होत गेली. १६४४ साली, क्रिस्टीना राणीच्या कारकिर्दीत, नाण्याऐवजी तांब्याचे आयताकृती पत्रेच चलन म्हणून काढण्यात आले. चारी कोपऱ्यांवर राणीच्या मुकुटाचा ठसा आणि मधोमध किमतीचा ठसा. त्यांतील दहा डालेरच्या पत्र्याचे वजन १९.७ किलोग्रॅम होते. म्हणजे आपल्या जुन्या अर्ध्या मणाहूनही अधिक! खिशात मावण्याची गोष्ट दूरच. मोठा व्यवहार करावयाचा तर गाडी जोडावी लागे. रोजच्या चलनासाठी याहून जड धातूचे नाणे पाडल्याची नोंद नाही.

या ओझ्यातूनच कागदाचा जन्म झाला. योहान पाल्मस्ट्रुक नावाच्या गृहस्थाला १६५६ साली स्टॉकहोममध्ये पेढी काढण्याची सनद मिळाली. १६६० साली सरकारने हलक्या वजनाचे नवे पत्रे काढले. साहजिकच जुन्या पत्र्यांतील तांबे अधिक मोलाचे ठरले आणि ठेवीदार आपले जुने पत्रे परत मागू लागले. पाल्मस्ट्रुकने पुढच्याच वर्षी छापील चिठ्ठ्या काढल्या. ही युरोपातील पहिली बँकनोट. लोकांना ती फार आवडली, आणि घात झाला तो तिथेच. तांबे खणून काढावे लागते. चिठ्ठी नुसती छापली की झाले. तिजोरीत होते त्याहून कितीतरी अधिक देणे छापले गेले, आणि पेढी बुडाली. १६६८ साली पाल्मस्ट्रुकला देहान्ताची शिक्षा सुनावण्यात आली. ती पुढे सौम्य केली गेली. त्याच वर्षी तेथील प्रतिनिधिसभेने आपल्या देखरेखीखाली नवी बँक स्थापिली. आज चालू असलेल्या मध्यवर्ती बँकांमध्ये ती सर्वांत जुनी होय.

एवढ्याने धडा पुरता शिकला गेला असे मात्र नाही. बाराव्या चार्ल्स राजाच्या दीर्घ युद्धाने तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १७१५ पासून तांब्याची लहान नाणी निघू लागली. त्यांवर किंमत एक चांदीचा डालेर. वजन पाच ग्रॅमच्या आसपास. त्याच किमतीच्या पत्र्याचे वजन पाऊण किलो भरे! १७१६ च्या नाण्यावर लॅटिन शब्द कोरले होते, त्यांचा अर्थ ‘सार्वजनिक विश्वासावर’. पुढे ज्युपिटर, सॅटर्न, मार्स अशा रोमन देवतांच्या मूर्ती आल्या. अशी कोट्यवधी नाणी पाडली गेली. माल तेवढाच आणि नाणी उदंड. भाव भडकले, शेतकरी धान्य विकण्यास नाखूश झाला. १७१८ च्या अखेरीस राजा नॉर्वेच्या वेढ्यात गोळी लागून मेला. प्रजेचा राग त्याचा सल्लागार बॅरन गोर्त्स याच्यावर निघाला आणि १७१९ च्या फेब्रुवारीत त्याचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षी या नाण्यांची किंमत निम्म्यावर आणण्यात आली. मालिकेतील शेवटच्या नाण्यावरचा शब्द होता ‘आशा’!

संग्राहकाला आज ही लहान नाणी पुष्कळ मिळतात. दहा डालेरचे पत्रे मात्र मोजकेच उरले आहेत. कारण उघड आहे. ज्याच्यात खरे तांबे होते ते वितळवून विकले गेले, आणि ज्याच्यात नव्हते ते पेटीत पडून राहिले. पत्र्यांचे चलन १७७६ साली बंद झाले. त्यांतील अनेक पत्रे समुद्राने राखले. १७८३ साली ‘निकोबार’ नावाचे डॅनिश जहाज दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडाले. १९८७ साली त्याच्या अवशेषांतून सुमारे तीन हजार पत्रे वर आले. ते जहाज निघाले होते तरंगमबाडीला. म्हणजे आपल्या तंजावरच्या मराठा राज्यालगतच्या डॅनिश ठाण्याकडे. स्वदेशात जे नाणे होते, ते आपल्याकडे तांब्याचा माल म्हणून वजनावर विकले जाणार होते.

असे एखादे नाणे हाती आलेच, तर घरच्या तांब्याच्या भांड्याप्रमाणे त्याला चिंच लावून घासू नये. तो हिरवट-तपकिरी थर हे त्या नाण्याचे वय आहे. तो गेला की नाण्याचे मोलही जाते आणि त्याची साक्षही.

ती साक्ष काय आहे? केवळ धातूवर भिस्त ठेवली, तेव्हा पैसा गाडीत घालून न्यावा लागला. केवळ शब्दावर भिस्त ठेवली, तेव्हा एकाची पेढी गेली आणि दुसऱ्याचे डोके गेले. नाण्यावर ‘विश्वास’ हा शब्द कोरल्याने विश्वास उत्पन्न होत नाही. आपण किती नाणी पाडली याचा हिशेब राज्यकर्त्याने प्रजेला दिला, तर तो शब्द न कोरताही नाणे चालते. आपल्या खिशातल्या नोटेची किंमत धातूच्या वजनावर ठरत नाही. म्हणूनच तो हिशेब विचारण्याचा आपला हक्क स्वीडनच्या त्या शेतकऱ्याच्या हक्काहून तसूभरही कमी नाही.