भोर घाटातील मालगाडी

* या छायाचित्राखालच्या ओळीतील ‘भोर घाट’ भोर किंवा वेल्हे तालुक्यात शोधू नये. या दोन्ही तालुक्यांत रेल्वे आलीच नाही. जवळचा लोहमार्ग पूर्वेकडून नीरा-लोणंदवरून जाणारा पुणे–मिरज, आणि तोही १९७१पर्यंत मीटरगेज. रेल्वेचा भोर घाट कर्जत–खंडाळ्याचा. तो १८६३ मध्ये खुला झाला. १९३०पर्यंत तेथे विजेची इंजिने आली. चित्रातील इंजिन मात्र ‘डब्ल्यूजी’ जातीचे, वाफेचे, ब्रॉडगेज मालगाड्यांसाठी १९५० पासून आलेले. तेव्हा हे चित्र घाटातले नसावे. त्या काळी विजेच्या तारा नसलेल्या पुणे–दौंड बाजूचे असण्याचा संभव अधिक. धुराचा एवढा दाट लोट पाहता वेळ हिवाळी सकाळची असावी: थंड हवेत वाफेचे लगेच बारीक थेंब होऊन ती पांढरी दिसते, म्हणून छायाचित्रकार तीच वेळ गाठत. ‘डब्ल्यूजी’ मालिकेतील शेवटचे इंजिन ‘अंतिम सितारा’ चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७० मध्ये बाहेर पडले. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित सेवा ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर–फिरोजपूर मार्गावर संपली. — संपा.