उजनीच्या पाण्याखालची आगीनगाडी

उजनीचं पाणी पाहतच मोठ्या झालेल्या आपल्या पोरांना वाटतं, हा जलाशय पहिल्यापासून इथंच आहे. तसं नाही बरं. धरणाची पायाभरणी १९६६ सालची, आणि धरण पुरं झालं १९८० साली. त्याआधी इथं गावं होती, शेतं होती, आणि भीमेकाठी आगीनगाडीही होती.

ही गाडी साधीसुधी नव्हे. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली, हे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर पाचच वर्षांनी, डिसेंबर १८५८ मध्ये, पुण्याहून निघालेले रूळ इंदापूर तालुक्यातल्या डिकसळला येऊन पोचले. गंमत अशी, की बोरघाटात तेव्हा रूळच नव्हते. ते १८६३ साली झाले. मुंबईहून येणारी माणसं घाटाखाली उतरायची, पालखीतून नाहीतर तट्टावरून खंडाळ्याला चढायची आणि तिथून पुन्हा गाडीत बसायची. आणि उतरायची कुठं? तर डिकसळला. पुढं भीमा आडवी. साधारण दहा महिने डिकसळ हे या मार्गाचं शेवटचं स्टेशन होतं. शाळेच्या पुस्तकात ठाणं येतं, आपलं डिकसळ येत नाही!

मग नदीवर दगडी पूल झाला. गाडी ऑक्टोबर १८५९ मध्ये कुर्डुवाडीला आणि १८६० साली सोलापूरला पोचली. रेल्वेच्या भरावाची माती पाट्यांतून वाहायला त्या काळी बायाही असत. साहेब इंजिनिअरांची नावं कागदावर राहिली, त्यांची नाही.

धरणाचं पाणी चढणार म्हणून रेल्वेनं रूळ वरच्या अंगाला हलवले. जुना पूल मात्र राहिला आणि त्याचा रस्ता झाला. अलीकडं इंदापूर, पलीकडं करमाळा. लेकी सासरी गेल्या त्या या पुलावरून, ऊस गेला तोही यावरूनच. रेल्वेनं सोडलेला पूल गावांनी वापरात ठेवला.

उन्हाळ्यात बातम्यांत ऐकतो ना, 'उजनी उणे'? धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. त्यालाही हात लागला की आकडा उण्यात जातो. पाणी फारच उतरलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. बघायला जाल तर एकटीनं जाऊ नका, गाळात पाय रुततो.

देऊळ परत दिसतं, पण घरांचं काय? ती ज्यांनी पाहिली, त्या बाया आता साठी-सत्तरीच्या पुढं गेल्या आहेत. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत अशा एखाद्या आजीला मध्ये बसवा. पाणवठा कुठं होता, जातं नव्या घरी आणलं का, कुठल्या गाडीच्या शिट्टीवर चूल पेटायची, हे विचारा. आणि गटातली जी लिहिती आहे, तिच्या हातात वही द्या.