तराजू आणि ताट

सोलापूर जिल्ह्यांतील वेळापूर हें गांव अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन देवालयामुळें व रामचंद्रदेव यादवाच्या काळच्या शिलालेखांमुळें इतिहासज्ञांस परिचित आहे. आषाढी वारींत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथें मुक्कामास असते, आणि आळंदीहून चालत आलेल्या सहस्रावधि स्त्रियांत कृश, स्थूल, तरुण, वृद्ध असे सर्व देह दिसतात. चालून किती वजन घटलें, हें त्यांस कोणी विचारीत नाहीं. स्थूल स्त्रीच्या आरोग्याचा विचारही असाच, वजनास केंद्रस्थानीं न ठेवतां करावा, असें म्हणणारा एक पक्ष अलीकडच्या दशकांत वैद्यकांत उदयास आला आहे. त्याचा पूर्वेतिहास आज सांगावयाचा आहे.

स्थूलतेस दोष मानणें हें पाश्चात्यांकडून आलेलें नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, एकविसाव्या अध्यायांत, निंद्य मानलेल्या आठ देहांत अतिस्थूल व अतिकृश हे दोन्ही आहेत. मात्र तेथें तराजू नाहीं. भूक, तहान, घाम, दुर्बलता हींच लक्षणें. आमच्या मुलखाचा कौल तर उलटाच होता. 1876–77 च्या दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळला. सरकारी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड धान्यावर ठेवण्याचा रिचर्ड टेंपल यांचा प्रयोग झाला, आणि 1877 सालीं मुंबई इलाख्यांतील मजुरांनीं त्याविरुद्ध कामें सोडलीं. अशा प्रदेशांत अंगानें भरलेली सून ‘खात्यापित्या घरची’ म्हणून वाखाणली गेली, यांत नवल तें काय?

आंकडा आला तो बेल्जममधून. केतले हा ज्योतिर्विद. प्रौढ माणसांचें वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, असें त्यानें 1830 नंतरच्या दशकांत दाखविलें. तो सरासरी मनुष्य शोधीत होता, रोगी नव्हे. पुढें अमेरिकेंतील एका विमा कंपनीनें 1942 सालीं स्त्रियांसाठीं ‘आदर्श’ वजनाचीं कोष्टकें काढलीं, आणि 1972 सालीं अँसेल कीज यांनीं केतलेच्या सूत्रास आजचें ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नांव दिलें.

या आंकड्याची उणीव पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं 2004 सालीं मोठ्या गमतीनें उघड केली. इंग्लंडमधील मित्र जॉन युडकिन यांच्या शेजारीं उभे राहून काढलेलें छायाचित्र त्यांनीं ‘लॅन्सेट’मध्यें छापलें. दोघांचाही निर्देशांक 22.3, परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2! अर्थात् चरबी निरुपद्रवी आहे असें यावरून सिद्ध होत नाहीं. उलट बारीक दिसणाऱ्यानेंही निश्चिंत राहूं नये, असेंच ठरतें.

2005 सालीं प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियांतील प्रयोग या पक्षाचा मुख्य आधार. तीस ते पंचेचाळीस वयाच्या 78 स्थूल स्त्रियांचे दोन गट केले. एकास वजन घटविण्याचा आहार दिला. दुसऱ्यास भूक व तृप्ति ओळखण्यास आणि स्वतःच्या देहाचा तिरस्कार सोडण्यास शिकविलें. आहार-गटांतील 41 टक्के स्त्रिया गळाल्या, दुसऱ्या गटांतील 8 टक्के. दोन वर्षांनीं पहिल्या गटाचें घटलेलें वजन परत आलें होतें. दुसऱ्याचें वजन तेंच राहिलें, पण रक्तदाब व रक्तांतील मेद यांत झालेली सुधारणा टिकली. संख्या लहान, म्हणून फार मोठा निष्कर्ष काढूं नये. तथापि जानेवारी 2025 मध्यें ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञमंडळानेंही केवळ निर्देशांकावरून रोग ठरवूं नये, कंबर मोजावी व अवयवांचें कार्य पाहावें, असें सुचविलें.

भूक लागेल तेव्हां खावें, पोट भरलें कीं थांबावें. शिकवण ऐकावयास सोपी. परंतु ज्या घरांत पुरुष, मुलें, पाहुणे उठल्यावर बाई पानावर बसते, तेथें तिची भूक केव्हांच मरून गेलेली असते, आणि उरलेली भाकरी टाकवत नाहीं म्हणून ती पोटापलीकडे खाल्ली जाते. उपासाला साबुदाणा आणि दाण्याचें कूट. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण एखाद्या बाईनेंच केली असावी! तिच्या जेवणाची वेळ बदलल्यावांचून कॅलिफोर्नियांतील ही पद्धति वेळापुरांत रुजेल, असें मला वाटत नाहीं.