हिरव्या डोळ्यापासून नाचत्या पट्ट्यांपर्यंत



संगीत हा कानाचा विषय. तरीही संगीत ऐकविणारी यंत्रे डोळ्यांनाही काही दाखवीत आली आहेत. आज हाताएवढ्या यंत्राच्या पडद्यावर गाण्याबरोबर रंगीत पट्ट्या वरखाली नाचतात. या पट्ट्यांची वंशावळ मी आपणापुढे मांडणार आहे.

आपल्यातील ज्येष्ठांना वाल्व्हच्या रेडिओवरील हिरवा ‘मॅजिक आय’ आठवत असेल. अमेरिकेतील ॲलन ड्युमाँट यांच्या कल्पनेतून तो जन्मला आणि १९३५ साली आरसीए कंपनीने तो बाजारात आणला. केंद्र नेमके लागले की त्यातील काळी सावली आकसत असे. हा डोळा शोभेचा नव्हता. लहरीच्या बळाची तो साक्ष देई. १९३९ साली अमेरिकेतच ध्वनिपातळी दाखविणारा ‘व्हीयू मीटर’ प्रमाणित झाला. त्याचा काटा मुद्दाम संथ ठेवलेला होता. योग्य जागी पोहोचण्यास त्याला सुमारे ०.३ सेकंद लागत, कारण माणसाच्या नजरेला तो वाचता यावयास हवा होता.

खर्ज आणि तार वेगवेगळे दाखवावयाचे, तर गणिताचा आश्रय घ्यावा लागतो. कोणतेही स्पंदन साध्या स्पंदनांत विभागता येते, या विचाराला फ्रान्सच्या फूरिए यांनी १८२२ च्या आपल्या ग्रंथात पाया घातला. परंतु १,०२४ नमुन्यांचे असे पृथक्करण सरळ रीतीने करावयास साडेदहा लाखांच्या जवळपास गुणाकार पडतात. कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने ते काम पाच हजारांच्या आसपास गुणाकारांत होते. नाचत्या पट्ट्या छोट्या यंत्राच्या आटोक्यात आल्या त्या या काटकसरीमुळे.

दुसरी काटकसर स्मृतीची. ४८० गुणिले २७२ बिंदूंच्या पडद्याचे एक चित्र, प्रत्येक बिंदूस दोन बाइट धरल्यास, २,६१,१२० बाइटांचे होते. अनेक छोट्या यंत्रांच्या अंतर्गत स्मृतीत ते मावत नाही. म्हणून जेवढा भाग बदलला तेवढाच, तोही तुकड्यातुकड्याने रेखाटतात. हंगेरीचे गाबोर किश-वामोशी यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला ‘एलव्हीजीएल’ हा मुक्त संग्रह याच रीतीने चालतो. त्याच्यासोबत संगीतयंत्राचा एक देखणा नमुना मिळतो. गंमत अशी की, त्यातून एकही सूर उमटत नाही. मात्र त्यातील पट्ट्यांची उंची खऱ्या संगीतावरून आधीच काढून साठविलेली आहे. सूर नाही, पण सुराचा हिशेब खरा आहे.

माझ्या मते या इतिहासाचे सार येथेच आहे. पडद्यावर वाटेल तशा उड्या मारणाऱ्या पट्ट्या काढणे सोपे आहे आणि पुष्कळ ठिकाणी तसे केलेही जाते. बघणाऱ्याला ते बहुधा कळत नाही. परंतु जुन्या हिरव्या डोळ्याचे मोल त्याच्या चकाकीत नव्हते. तो खरे सांगत होता, यात होते. या शाळेतून उद्या जे अशी यंत्रे घडवतील, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: चित्र किती सुंदर हलते हे जरूर पाहा; पण ते कशामुळे हलते, हे आधी विचारा.