इंग्रजी शब्दसंग्रह : पाठांतरापेक्षा धातू ओळखा

मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणात अनेकदा व्याकरणापेक्षा शब्दांची उणीव अधिक अडवते. शब्दकोश पाठ करणे हा त्यावरील उपाय नव्हे. न्यूझीलंडमधील भाषा-अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांच्या शैक्षणिक लेखनाची छाननी करून २००० साली ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. नित्य वापरातील दोन हजार शब्दकुले वगळूनही ही यादी शैक्षणिक मजकुराचा सुमारे दहावा हिस्सा व्यापते. प्रारंभ येथून करावा.

पुढची पायरी धातूंची. 'हृ' धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द बनतात. लॅटिनमधून आलेल्या इंग्रजी शब्दांचीही घडण अशीच आहे. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणे. त्यावरून 'इन्स्पेक्ट' म्हणजे आत पाहणे, तपासणे. 'रेट्रोस्पेक्ट' म्हणजे मागे वळून पाहणे. 'प्रॉस्पेक्ट' म्हणजे पुढे दिसणारी शक्यता. संस्कृतातील 'पश्यति' याच कुळातील आहे.

मात्र समानार्थी शब्द सर्वस्वी एकार्थी नसतात. 'चाइल्डलाइक' ही निरागसतेची प्रशंसा, तर 'चाइल्डिश' हा पोरकटपणाचा ठपका. शिफारसपत्रात हा एक शब्द चुकला, तरी अर्थाचा अनर्थ होतो. म्हणून प्रत्येक शब्द वाक्यासह वहीत टिपावा. पाठ केलेले किती झपाट्याने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते. तेव्हा एक दिवस, एक आठवडा, एक महिना अशा वाढत्या अंतराने उजळणी करावी.