सर्व्हे भरून पेट्रोलचा खर्च निघतो का? नाशिकच्या गाडीवाल्यांसाठी मिनिट आणि रुपयांचा हिशोब

पंपावर दोनशेचं पेट्रोल टाकून बाहेर पडलात की फोन वाजतो. "तुमचा अनुभव कसा होता? दोन मिनिटांचा सर्व्हे भरा आणि बक्षीस मिळवा." संध्याकाळी कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी अजून एक लिंक टाकतं आणि तिथे तर थेट फुकट पेट्रोलच मिळणार असतं. अशा वेळी मनात येतंच, दोन मिनिटंच तर आहेत, भरून टाकू का?

या लेखात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत: महिन्याला तुमचं पेट्रोल किती रुपयांचं जळतं, सर्व्हेतून त्यातलं किती निघू शकतं आणि कोणत्या सर्व्हेला हातसुद्धा लावायचा नाही.

थोडक्यात उत्तर

- पंपाच्या अधिकृत अ‍ॅपवर आपोआप जमा होणारे पॉइंट: घ्या. वेळ जवळपास लागत नाही.
- गूगल ओपिनियन रिवॉर्ड्ससारखे छोटे सर्व्हे: भरायला हरकत नाही, पण त्यातून पेट्रोल येत नाही.
- पंधरा-वीस मिनिटांचे पेड सर्व्हे: पेट्रोलच्या हिशोबाने बहुतेक वेळा परवडत नाहीत.
- व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली "फुकट पेट्रोल" लिंक: उघडू नका, पुढे पाठवू नका.

आता हे असं का, ते आकड्यांत बघू.

आधी स्वतःचा आकडा काढा

समजा, तुम्ही नाशिकरोडला राहता आणि सातपूर एमआयडीसीत कामाला जाता. रोजचं जाणं-येणं ३० किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर गाडी ७८० किलोमीटर चालली. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल, तर साधारण १७.३ लिटर पेट्रोल लागलं. पेट्रोलचा दर बदलत असतो, म्हणून हिशोबासाठी लिटरला १०५ रुपये धरू. महिन्याचा खर्च झाला सुमारे १,८२० रुपये.

म्हणजे एक किलोमीटर पडलं साधारण २ रुपये ३३ पैशांना. हा आकडा फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं गणित त्याच्यावरच आहे. दहा रुपयांचं बक्षीस म्हणजे जेमतेम सव्वाचार किलोमीटर.

तुमची गाडी किती मायलेज देते ते माहीत नसेल, तर टाकी फुल करा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा, पुढच्या वेळी परत फुल करा. मधल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरनी भागलं की खरं मायलेज मिळालं. शोरूममध्ये सांगितलेलं मायलेज इथे धरू नका.

दरात काय काय असतं?

नाशिक जिल्ह्यातल्या पंपांवर येणारं बरंचसं पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोंमधून टँकरने येतं. जानेवारी २०२४ मध्ये नव्या हिट अँड रन कायद्याविरोधात चालकांनी संप केला, तेव्हा पानेवाडीचे टँकर थांबले आणि नाशिकच्या पंपांवर रांगा लागल्या, ते अनेकांना आठवत असेल.

आपण पंपावर देतो त्या दरात तेलाची मूळ किंमत, वाहतूक, केंद्राचं उत्पादन शुल्क, पंपमालकाचं कमिशन आणि राज्याचा कर असं सगळं मिळून असतं. १६ जून २०१७ पासून देशभर हा दर रोज सकाळी ६ वाजता ठरवण्याची पद्धत आहे. तुम्ही कितीही सर्व्हे भरले तरी यातला एकही भाग कमी होत नाही. सर्व्हेचं बक्षीस वेगळ्याच खिशातून येतं.

मग पैसे देतं कोण?

कंपन्यांना ग्राहकाचं मत विकत हवं असतं. कोणत्या वयाची मुलं कोणत्या पंपावर थांबतात, यूपीआय वापरतात की रोख, शेजारच्या दुकानातून काही घेतात का, ही माहिती जाहिरातीसाठी आणि नवीन योजना आखायला उपयोगी पडते. त्यासाठी वेगळं बजेट असतं आणि त्यातलं थोडंसं तुमच्यापर्यंत येतं. म्हणजे हा सरळ व्यवहार आहे. तुम्ही वेळ आणि माहिती विकताय. प्रश्न फक्त भावाचा आहे.

बक्षिसाचे चार प्रकार

१. पंपाच्या अ‍ॅपवरचे पॉइंट. इंडियन ऑइल, हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्यांची स्वतःची अ‍ॅप्स आहेत: इंडियनऑइल वन, एचपी पे आणि हॅलो बीपीसीएल. इथे पेट्रोल भरल्यावर पॉइंट मिळतात आणि पुढे ते वापरता येतात. एका पॉइंटला किती पैसे आणि तो कधी संपतो, हे अ‍ॅपच्या नियमांमध्ये आधी वाचा. पॉइंटचा आकडा मोठा दिसतो, पण पॉइंट म्हणजे रुपया नव्हे.

अंदाजासाठी एक जुनं उदाहरण घेऊ. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये पंपावर डिजिटल पेमेंट केल्यास ०.७५ टक्के सूट जाहीर झाली होती. क्रेडिट कार्डसाठी ती १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. आपल्या १,८२० रुपयांवर तशी सूट मिळाली असती तर महिन्याला साडेतेरा रुपये वाचले असते. रक्कम लहान आहे, पण त्यासाठी वेळ शून्य लागतो. म्हणून अशी बक्षिसं सोडायची नाहीत.

फक्त पॉइंटसाठी लांबचा पंप गाठू नका. तीन किलोमीटर जाऊन तीन किलोमीटर परत आलात, तर १४ रुपयांचं पेट्रोल तिथेच जळालं.

२. गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स. दोन-चार प्रश्न असतात, मिनिटभरात संपतं. बऱ्याचदा तुम्ही नुकतेच कुठे जाऊन आलात त्यावर प्रश्न येतात, म्हणजे लोकेशन चालू असेल तर सर्व्हे जास्त मिळू शकतात. अँड्रॉइडवर बक्षीस प्ले स्टोअरच्या क्रेडिटमध्ये मिळतं आणि ते एका वर्षात वापरावं लागतं. हे क्रेडिट बँकेत काढता येत नाही, पंपावर तर चालतच नाही. तुम्ही प्ले स्टोअरवर एखाद्या अ‍ॅपसाठी किंवा गेमसाठी एरवी पैसे देतच असाल, तर तेवढी खरी बचत. देत नसाल, तर हे पैसे असून नसल्यासारखे.

३. पेड सर्व्हेच्या साइट. इथे गणित फसतं ते तीन ठिकाणी. पाच मिनिटं प्रश्नांची उत्तरं दिल्यावर "तुम्ही या सर्व्हेसाठी पात्र नाही" असं येतं आणि हाती काही लागत नाही. ठरावीक रक्कम जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. आणि अनेकदा रोख न मिळता शॉपिंगचं व्हाउचर मिळतं.

४. अनोळखी लिंक. हा बक्षिसाचा प्रकारच नाही. याबद्दल पुढे सविस्तर.

इंटरनेटवर शोधलं तर "सर्व्हे भरा आणि स्वस्तात इंधन मिळवा" असे इंग्रजी लेख भरपूर दिसतात. ते बहुतेक अमेरिकेतल्या दुकानांबद्दल असतात. उदाहरणार्थ, क्रोगर या किराणा दुकानांच्या साखळीत पावतीवरचा सर्व्हे भरला की ५० फ्युएल पॉइंट मिळतात आणि १०० पॉइंटला गॅलनमागे १० सेंट सूट असते. ती योजना खरी आहे, पण नाशिकच्या पंपावर तिचा उपयोग नाही. तिच्या नावाने तुम्हाला इथे कुणी लिंक पाठवली, तर तिथेच संशय घ्या.

तासाचा भाव कसा काढायचा?

सूत्र सोपं आहे: हातात आलेले रुपये भागिले लागलेली एकूण मिनिटं, गुणिले ६०. "एकूण मिनिटं" यात रिजेक्ट झालेल्या सर्व्हेंचा वेळही धरायचा.

समजा, एका साइटवर १५ मिनिटांच्या सर्व्हेला २५ रुपये मिळतात. तुम्ही चार सर्व्हे सुरू केले, तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटांनी बाहेर काढलं, एक पूर्ण झाला. म्हणजे ३० मिनिटांत २५ रुपये, तासाला ५० रुपये. पैसे काढायची मर्यादा ५०० असेल, तर १० तास घालवल्यावर पहिला रुपया दिसणार. त्या ५०० रुपयांत पावणेपाच लिटर पेट्रोल येतं, म्हणजे आपल्या उदाहरणातलं सात दिवसांचं जाणं-येणं. आठव्या तासाला कंटाळून सोडून दिलं, तर हातात शून्य.

सुट्टीत बसमध्ये किंवा रांगेत उभं असताना हे केलं तर चालेल असं कुणाला वाटू शकतं आणि तो ज्याचा त्याचा निर्णय. पण परीक्षेच्या अभ्यासाचा किंवा ओव्हरटाइमचा वेळ यात घालवत असाल, तर तो भाव आधी मांडून बघा.

जो खर्च दिसत नाही

सर्व्हेत नाव, मोबाईल नंबर, जन्मतारीख, घरातलं उत्पन्न असं बरंच विचारलं जातं. नंतर कर्जाचे आणि विम्याचे फोन सुरू झाले, की त्या २५ रुपयांची किंमत कळते. म्हणून एवढं करा:

- सर्व्हेसाठी वेगळा ईमेल आयडी ठेवा.
- सर्व्हेच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट, एसएमएस किंवा गॅलरीची परवानगी मागितली तर नाही म्हणा.
- लोकेशन द्यायचंच असेल, तर "अ‍ॅप वापरताना" एवढंच द्या.
- आधार, पॅन किंवा बँक खात्याचा नंबर मागितला, की तिथेच थांबा.

"फुकट पेट्रोल" लिंकचा सापळा

इंडियन ऑइलच्या नावाने एक लकी ड्रॉ सोशल मीडियावर खूप फिरला होता. काही माहिती भरा आणि ६,००० रुपयांची इंधन सबसिडी जिंका, असा त्याचा दावा होता. पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं जाहीर केलं. कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

अशा लिंक ओळखायच्या खुणा जवळपास सारख्याच असतात. वेबसाइटचा पत्ता कंपनीचा नसतो, एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं. तीन-चार सोपे प्रश्न झाले, की तुम्ही जिंकलेलेच असता. मग "हे २० मित्रांना पाठवा" असं सांगतात. शेवटी ओटीपी, कार्ड नंबर किंवा "प्रोसेसिंग फी" मागतात.

एक नियम पाठ करून ठेवा: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात.

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नाहीत, पण मेसेज संशयास्पद वाटला, तर संचार साथी पोर्टलच्या "चक्षु" या सुविधेत तो कळवता येतो.

तेवढ्याच वेळात जास्त बचत

आता खऱ्या बचतीकडे येऊ. पुढच्या कुठल्याही गोष्टीला कूपन लागत नाही.

- टायरची हवा: पंपावर हवा मोफत मिळाली पाहिजे. कमी हवेवर गाडी जास्त पेट्रोल खाते. हवा, सर्व्हिसिंग आणि शांत चालवणं यामुळे मायलेज ४५ वरून ४८ झालं, तरी आपल्या उदाहरणात महिन्याला ११४ रुपये वाचतात.
- सिग्नलला इंजिन बंद: द्वारका किंवा मुंबई नाक्याला गाडी अडकली, की बटण बंद करा.
- माप तपासा: मीटर शून्यावर आहे का ते बघूनच पेट्रोल सोडायला सांगा. शंका आली तर पंपावरचं पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे.
- आलटून पालटून गाडी: त्याच शिफ्टचा एखादा मित्र वाटेत राहत असेल, तर एक दिवस त्याची गाडी आणि एक दिवस तुमची. पेट्रोल निम्म्यावर येतं, म्हणजे महिन्याला सुमारे ९१० रुपये वाचले. वर १० तास सर्व्हे भरून ५०० मिळत होते, ते आठवा.
- सिटीलिंक: जुलै २०२१ पासून शहरात सिटीलिंकच्या बस धावतात. आठवड्यातून दोन दिवस जरी बसने गेलात, तरी तिकीट आणि त्या दिवसाचं ७० रुपयांचं पेट्रोल यांची तुलना स्वतः करून बघा.

नेहमीचे प्रश्न

पंपावरचा कर्मचारी मोबाईल नंबर मागतो, द्यावा का? कंपनीच्या पॉइंट योजनेसाठी असेल तर चालेल, पण आलेला ओटीपी कशासाठी आहे ते मेसेजमध्ये वाचल्याशिवाय सांगू नका.

क्रेडिट कार्डने भरलं तर फायदा होतो का? बऱ्याच कार्डांवर इंधनासाठी सरचार्ज लागतो आणि ठरावीक रकमेच्या पुढेच तो माफ होतो. दोनशे-तीनशेचं पेट्रोल भरत असाल, तर आधी कार्डाचे नियम बघा.

मग सर्व्हे भरायचेच नाहीत का? भरा, पण मिनिटभराचे, ओळखीच्या अ‍ॅपवरचे आणि बक्षीस तुमच्या खरंच उपयोगाचं असेल तेव्हा. पंपाची सेवा वाईट वाटली असेल, तर बक्षीस नसतानाही अधिकृत अ‍ॅपवर तक्रार जरूर करा. त्या दोन मिनिटांचा फायदा तुमच्यानंतर रांगेत उभ्या असलेल्यालाही होतो.