गुडघेदुखी आणि वृद्धांतील पडण्याची जोखीम
उतारवयात गुडघ्याची झीज, मांडीच्या पुढच्या स्नायूंचा अशक्तपणा आणि तोल सावरण्यातील मंदपणा यांमुळे माणूस पडण्याची शक्यता किती, याचा अंदाज घेण्याची पद्धत. रूढ पद्धत खुर्चीपासून सुरू होते. १९९१ मध्ये मांडलेल्या ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणीत खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. १२ किंवा अधिक सेकंद लागले तर जोखीम धरतात. घड्याळ आणि खुर्ची एवढ्यावर ती उपकेंद्रातही होते, हा तिचा मोठा गुण. पण ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत म्हातारी माणसे उठतात ती बहुधा जमिनीवरून, चुलीपुढून, उकिडव्या बैठकीतून. आणि पावसाळ्यात चालतात ती भातखाचरांच्या निसरड्या, जेमतेम पाऊल मावेल अशा बांधांवरून. पूर्ण दुमडलेला गुडघा सरळ करताना मांडीला लागणारे बळ खुर्चीची चाचणी मोजतच नाही. म्हणून इथल्या मूल्यमापनात जमिनीवरून उठणे पाहिलेच पाहिजे: आजी आधी हात टेकतात, भिंत धरतात, की दुखरा पाय बाजूला काढून दुसऱ्यावर सगळा भार घेतात?

यावर आक्षेप असा की चाचणी बदलली तर १२ सेकंदांच्या निकषाला अर्थ उरत नाही. तो बरोबर आहे. म्हणूनच मूळ चाचणी जशीच्या तशी ठेवावी आणि जमिनीवरून उठण्याला गुण न देता फक्त निरीक्षण नोंदवावे. दुखऱ्या गुडघ्यांना असे उठवणे धोक्याचे, ही शंकाही रास्त. सोबतीला माणूस उभा असावा, आणि कुणी नको म्हटले तर तो नकारच नोंदीत घ्यावा. एक्स-रे पुरेसा आहे, हे मात्र मान्य करता येत नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत गुडघा अचानक दगा देतो असे सांगणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांच्या एक्स-रेत झिजेचा संधिवात दिसलाच नव्हता. तेव्हा चित्रापेक्षा प्रश्न आधी. एकटी ‘टाइम्ड अप अँड गो’ही पुढचे पडणे फारसे ओळखू शकत नाही, असे अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. नजर, मोतीबिंदू, उभे राहताच उतरणारा रक्तदाब आणि झोपेच्या गोळ्या हेही तपासावे लागते. वेळ अगदीच कमी असेल, तर आरोग्यसेविकेने निदान तीन गोष्टी विचाराव्यात: वर्षभरात पडलात का, कुठे पडलात, आणि जमिनीवरून उठताना कशाला धरता.